अमावास्येपर्यंत थांबलेलं मोहोळ

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, भावाला नाही. आणि ज्यांना सगळ्यात आधी सांगायला हवं होतं त्यांना तर नाहीच. ते माझ्या डोक्यावर राहतात. म्हणजे खरोखरच डोक्यावर. मी तिसऱ्या मजल्यावर, ते चौथ्या. वर खुर्ची सरकली की मला खाली ऐकू येतं, आणि ते ऐकू आलं की मी टीव्हीचा आवाज वाढवतो. तुम्ही म्हणाल, शेजाऱ्याच्या खुर्चीला एवढं काय घाबरायचं? सांगतो. त्यासाठीच तर लिहायला बसलोय. पण सरळ सांगता येईल की नाही, ठाऊक नाही. तीन वर्षांत मी हे स्वतःशीसुद्धा सरळ बोललेलो नाही.

मी कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत एका कारखान्यात सुपरवायझर आहे. राहायला कोल्हापुरात. आमच्या अपार्टमेंटचा सेक्रेटरीही मीच, कारण दुसरं कुणी व्हायला तयार नव्हतं. पाण्याची मोटर जळाली की मी, कचऱ्याची गाडी चुकली की मी. लोकांना वाटतं मी वैतागत असेन. खरं सांगू? मला आवडतं ते. जिन्यात कुणीतरी थांबवून म्हणतं, "तुम्ही आहात म्हणून चाललंय," ते ऐकायला मला आवडतं. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं सगळं या आवडीपासून फार लांब नाही.

चौथ्या मजल्यावर आप्पा आणि आक्का. आप्पा निवृत्त शिक्षक. जैन घर. दिवस मावळायच्या आत जेवण, आणि त्यानंतर स्वयंपाकघराचा दिवासुद्धा बंद. मुलगी लग्न होऊन बेळगावला. अख्खी बिल्डिंग त्यांना आप्पा-आक्काच म्हणायची. उन्हाळ्यात आक्का गच्चीवर सांडगे घालायच्या आणि वाळले की प्रत्येक दारात एक डबा यायचा. नको म्हटलं तर रागवायच्या.

त्या वर्षी चैत्रात त्यांच्या स्वयंपाकघराच्या खिडकीवर, गच्चीच्या कठड्याखाली बाहेर आलेल्या स्लॅबला, आग्यामोहोळ बसलं. आधी तळहाताएवढा काळा डाग होता. बघता बघता सुपाएवढं झालं. तुम्ही पाहिलंय का कधी जवळून? वरून नुसत्या माशाच दिसतात, पोळं दिसतच नाही. मधूनच त्या सगळ्या एकदम अंग हलवतात. एक लाट वरून खालपर्यंत जाते आणि विरते. आवाज होत नाही. पण बघणारा नकळत एक पाऊल मागे सरकतो.

पार्किंगमध्ये बैठक झाली. पहिल्या मजल्यावरचे बँकेतले शिंदे म्हणाले, औषध मारून टाकू, एका फवाऱ्याचं काम आहे. बऱ्याच जणांनी माना हलवल्या. तेव्हा आक्का उभ्या राहिल्या. त्या बैठकीत कधी बोलायच्या नाहीत.

"मारायचं नाही हं," त्या म्हणाल्या. "खिडकी माझी, त्रास मला. मी सोसते की. जिवंत काढणारा कोणीतरी असेलच. शोधा. मध घ्या, वाटा, काय करायचं ते करा. आमच्यात खात नाहीत, आम्हाला थेंबभर नको. पण मारायचं नाही."

शिंदे हसून म्हणाले, "आक्का, त्या चावल्या की मग बघू तुमची अहिंसा."

"चावल्या तर मला चावतील. तुम्ही पहिल्या मजल्यावर खिडकी लावून बसा की."

सगळे हसले. शोधायचं काम अर्थातच माझ्याकडे आलं.

फोनवर शोधलं तर सगळे औषधवालेच. जिवंत काढता का म्हटलं की पलीकडचा माणूस हसायचा. शेवटी आमच्या कारखान्यातल्या एकाने, तो मलकापूरच्या पलीकडचा, त्याच्या भागातल्या एका मधवाल्याचा नंबर दिला. नाव सर्जेराव. घरच्या पेट्यांत सातेरी माशा पाळतो आणि कुणी बोलावलं तर आग्याही काढून देतो.

तो एकदा बघायला आला. मोटरसायकल लावली, मान वर केली, तोंडातली तंबाखू या गालातून त्या गालात घेतली आणि एवढ्या मोठ्यानं बोलला की तिसऱ्या मजल्यावरून माझी बायको बाहेर आली.

"आग्याच हाय. पर गुणाच्या हायत पावणं, घरच्या मालकिणीसारख्या. कुनी छेडलं न्हाय तर गप बसत्यात."

"आणि छेडलं तर?" मी विचारलं.

"ते तुमी मला काय इचारताय? तुमचं लगीन झालंय की!"

बायको वरून हसली. मीही हसलो. त्याचं काम त्यानं सांगितलं. दिवस मावळताना यायचं, ओल्या पाल्याचा धूर द्यायचा, माशा बाजूला झाल्या की वरचा मधाचा भाग कापून घ्यायचा. राहिलेलं पोळं उतरवलं की माशा आपोआप दुसरीकडे जातात. मध निम्मा त्याचा, निम्मा आमचा. माणूस काही साधूबिधू नव्हता. निम्मा-निम्मा करताना मापाचं भांडं कुणाचं असेल, हेसुद्धा त्यानं आधीच ठरवून घेतलं.

आणि बायको आत गेल्यावर, गेटाबाहेर गाडी चालू करताना मला म्हणाला, "उद्या सांजच्याला येतो की. उद्या मोकळाच हाय मी."

उद्या. हा शब्द तेवढा लक्षात ठेवा. मी तो विसरायचा फार प्रयत्न केलाय.

आता मधाचं सांगतो. त्याच आठवड्यात कारखान्यात आमचे नवे साहेब जेवताना म्हणाले होते, बाजारात खरा मध मिळतच नाही, सगळा साखरेचा पाक. मी पटकन बोलून गेलो, "साहेब, आमच्याच बिल्डिंगला मोहोळ आहे. तुम्हाला बाटली आणून देतो, समोर काढलेला." साहेबांनी पहिल्यांदाच मान वर करून माझ्याकडे नीट पाहिलं. बाकीचे म्हणाले, मग आम्हाला? मी म्हटलं, सगळ्यांना. सगळ्यांना! त्या सुपाएवढ्या पोळ्यातून मी मनातल्या मनात कितीतरी बाटल्या भरल्या होत्या.

आणि नुकतीच पौर्णिमा होऊन गेली होती.

माझे आजोबा सांगायचे, चांदण्यात माशा मध पिऊन टाकतात. पौर्णिमेला पोळं रिकामं आणि अमावास्येला भरलेलं. आमच्याकडे हे सगळ्यांनाच माहीत असतं. खरं की खोटं, मी कधी तपासलेलं नाही. त्या संध्याकाळी मला ते आठवलं एवढं खरं. उद्या पोळं उतरवलं तर काय मिळणार? वाटीभर? साहेबांना काय देणार मी?

मी खाली पार्किंगमध्ये गेलो आणि सर्जेरावाला फोन लावला. ज्या गोष्टीत काही वाईट नाही, ती बोलायला माणूस घर सोडून पार्किंगमध्ये कशाला जाईल? म्हणजे मला कळत होतं. तेव्हाही कळत होतं.

मी म्हणालो, उद्या नको, अमावास्येला या.

तो म्हणाला, "जुनी मानसं म्हन्त्यात खरं तसं. मध ज्यादा घावला तर मला कशाला वाईट वाटंल? पर साहेब, बिल्डिंगमधली मानसं थांबतील का तवर?"

"ते मी बघतो."

"बघा बरं. मग अवसंलाच येतो."

मी बघितलं. ग्रुपवर लिहिलं, मधवाल्याला अमावास्येपर्यंत वेळ नाही, त्याची कामं आधीच ठरलेली आहेत. वर जाऊन आक्कांनाही तेच सांगितलं. एकही शब्द न अडखळता. त्यांनी पाणी दिलं, म्हणाल्या, "येऊ दे की सावकाश. त्यांचंही घर आहे ते."

एक गोष्ट राहिली. हीच मला सगळ्यात जड जाते. शिंदे म्हणाले होते, तोवर गच्चीला कुलूप लावा. बरोबरच होतं त्यांचं. पण गच्ची बंद झाली असती तर वाळवणं अडली असती, कपडे अडले असते, आणि दोन दिवसांत सगळे ओरडले असते — दुसरा माणूस आणा, नाहीतर औषध मारा. म्हणून मी कुलूप लावलं नाही. आक्का किल्लीचं विचारायला आल्या तेव्हा मी म्हणालो, "जा की आक्का, गच्ची उघडीच आहे. आपण त्रास दिला नाही तर त्या काही करत नाहीत." सर्जेरावाचं वाक्य होतं ते. मी ते माझ्या सोयीला वापरलं.

त्या दिवशी मी कारखान्यात होतो. आमच्या गल्लीत कुणा भाऊंचा वाढदिवस होता. सकाळपासून साऊंड लागलेला, आणि अकराच्या सुमाराला आमच्या गेटसमोरच फटाक्यांची माळ लावली. लांब माळ होती म्हणतात. धूर भिंतीला धरून वर गेला आणि मोहोळ उठलं. आक्का गच्चीवर सांडगे घालत होत्या.

मी ते पाहिलेलं नाही. मग रोज कसं दिसतं? त्यांनी पदर तोंडावर घेतला. जिन्याच्या दाराकडे आल्या, पण दार वाऱ्याने आपटून घट्ट बसलं होतं, ते ओढायला दोन्ही हात लागतात. म्हणजे पदर सोडावा लागला. हे मला बायकोनं सांगितलं. तिनं खालून आवाज ऐकला, वर धावली, दार ढकललं आणि चादर टाकून त्यांना आत ओढलं. तिलाही चावल्या. माझ्या बायकोनं ते केलं. मी त्या वेळी मशीनसमोर उभा राहून साहेबांना सांगत होतो, येत्या अमावास्येला तुमची बाटली नक्की.

आक्का दुसऱ्या दिवशी पहाटे दवाखान्यातच वारल्या. डॉक्टर म्हणाले, वय, आणि विष फार भिनलं. त्यांचा चेहरा ओळखू येत नव्हता. आप्पा बाकावर बसून होते. मी त्यांच्या शेजारी बसलो. त्यांनी माझा हात धरला आणि कितीतरी वेळ सोडलाच नाही. तेव्हा सांगायचं होतं. त्या बाकावर. नाही सांगितलं.

शिंद्यांनी त्याच दिवशी औषधवाला बोलावला. कुणी विरोध करायला राहिलंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी पार्किंगमध्ये मेलेल्या माशांचा खच पडला होता. वॉचमन झाडूने ओढत होता, खरखर आवाज येत होता. आक्कांनी एवढं एकच मागितलं होतं.

सर्जेरावाला कळवायचं माझ्या डोक्यात आलं नाही. हे लिहिलं आणि थांबलो. खरंच आलं नाही का? आलं होतं. फोन हातात घेतलाही होता. पण त्याला काय सांगणार? त्यानं विचारलं असतं, कसं झालं? मग मी काय बोललो असतो?

तर तो आला. अमावास्येला, ठरल्याप्रमाणे, ऊन उतरताना. आप्पांकडे पाहुण्यांची ये-जा होती, खाली खुर्च्या मांडल्या होत्या, बिल्डिंगमधले बरेच जण तिथेच होते. याच्या खांद्यावर दोर, हातात बादली, मोटरसायकलला पाल्याचा भारा. गेटातूनच ओरडला, "चला पावणं, भांडी काढा भाईर!"

त्यानं वर पाहिलं. स्लॅबला नुसता पांढरा वण होता. मग खुर्च्यांकडे पाहिलं.

शिंदे उठले. "आता उगवलास होय? माणूस गेलं तेव्हा कुठं होतास?"

"कोन गेलं?" तो म्हणाला. त्याचा आवाज पहिल्यांदाच बारीक झाला होता.

आणि मग आप्पा उठले. ज्या माणसानं वर्गात कधी पोरावर हात उचलला नाही असं त्यांचे विद्यार्थी सांगतात, त्या माणसानं सर्जेरावाची कॉलर धरली. नुसते धरून हलवत होते. "एक दिवस... ती होती तोवर आला असतास..." एवढंच. मागून कुणीतरी त्याच्या पाठीत गुद्दा घातला. बादली कलंडली.

सर्जेरावानं आप्पांचा हात झटकला नाही. त्यानं फक्त माझ्याकडे बघितलं.

"साहेब, तुमीच म्हनलासा की अवसंला या म्हनून. मी दुसऱ्याच दिवशी येनार हुतो. सांगा की यास्नी."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. आप्पांनीही. त्यांची बोटं अजून त्याच्या कॉलरीत होती.

तुम्हाला वाटत असेल, असा क्षण लांबतो, माणसाला विचार करायला वेळ मिळतो. मला वेळ लागलाच नाही. ते वाक्य तोंडात तयारच होतं.

"मी? मी कशाला असं म्हणेन?"

आणि वर अजून एक जोडलं. विचारलं नसताना. "तुलाच वेळ नव्हता ना?"

तो माझ्याकडे बघत राहिला. मग तो हसला. थट्टेचं हसू नव्हतं ते. समोरचं खरं वाटत नसलं की माणूस हसतो तसं. म्हणाला, "आयला, साहेब." एवढंच. बादली उचलली, पाला तिथेच टाकला आणि गेला. जाताना त्याला अजून दोघांनी ढकललं.

पुढे आमच्या भागातल्या ग्रुपांवर त्याचा नंबर फिरला — बोलावलं तर वेळेवर येत नाही, याच्यामुळे एक बाई गेली, बोलावू नका. तो मेसेज मी लिहिला नव्हता. मी फक्त त्याखाली होकाराचा अंगठा टाकला. सेक्रेटरीचा अंगठा म्हणजे खात्रीच की. नंतर दोन-तीनदा इतर अपार्टमेंटच्या लोकांनी मला फोन करून विचारलं, तुमच्याकडे तो मधवाला आला होता, कसा आहे? मी म्हणालो, भरवशाचा नाही. का म्हणालो? आता तर कुणी बोट दाखवत नव्हतं. पण तो पुन्हा या भागात आला असता, चहाच्या गाड्यावर उभा राहिला असता, आणि त्याचा आवाज तर तुम्ही ऐकलाच आहे. म्हणून म्हणालो. त्याचा एकदा मिस्ड कॉल आला होता. मी उलट फोन केला नाही. पुन्हा आला नाही.

आप्पांचं सगळं मी बघतो. औषधं, लाइटबिल, डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेणं. लोक म्हणतात, मुलगासुद्धा एवढं करत नाही. आधी मला हे ऐकायला आवडायचं, आठवतं ना? आता ते ऐकलं की मी विषय बदलतो, आणि लोकांना वाटतं, किती नम्र माणूस.

हे सगळं असंच चाललं असतं. यंदाच्या भाद्रपदापर्यंत तसंच चाललं होतं.

जैन मंडळींचं पर्व संपलं की क्षमावणीचा दिवस असतो. ओळखीच्या प्रत्येकाकडे जायचं, हात जोडायचे, वर्षभरात कळत-नकळत काही चुकलं असेल तर क्षमा मागायची. आप्पा-आक्का दरवर्षी जोडीनं सगळ्या मजल्यांवर यायचे. आक्का गेल्यापासून आप्पा एकटे येतात. यंदाही आले. जिना उतरून दम लागला होता. मी खुर्ची दिली. बायको देवळात गेली होती.

त्यांनी हात जोडले, नेहमीचं म्हणाले. मीही म्हणालो. मग ते उठतील असं वाटलं, पण उठले नाहीत.

"एक काम होतं," म्हणाले. "त्या मधवाल्याचा नंबर असेल की तुमच्याकडं?"

मी विचारलं, कशाला?

"मी त्याच्या अंगावर हात टाकला. पाहुण्यांसमोर, चार लोकांत. आयुष्यात तेवढं एकदाच. तो चुकला, ते त्याचं. पण माझं मला मागायला पाहिजे की नाही? तीन वर्षं नुसतं मनात म्हणतोय. मनात म्हणून होत नाही हो. समोर जाऊन म्हणावं लागतं. तुम्ही गाडीनं नेलंत तर मलकापूरपर्यंत येईन मी."

मी त्यांच्याकडे बघत होतो. ऐंशीला आलेला माणूस. ज्यानं काही केलं नाही त्याची क्षमा मागायला निघालेला, आणि नेणार कोण, तर मी. समोरासमोर उभं करणार. सर्जेराव पहिलं वाक्य काय बोलला असता?

"नंबर गेला, आप्पा," मी म्हणालो. "फोन बदलला तेव्हा सगळे गेले."

"कारखान्यातला तो माणूस? त्याच्याकडं असेल."

"तो सोडून गेला." तो गेलेला नाही. रोज माझ्या समोर डबा खातो.

आप्पांनी मान हलवली. मग म्हणाले, "असू दे. वाट्याला नाही म्हणायचं." खुर्चीचे हात धरून उठले. मी दारापर्यंत गेलो. तिथे, का कुणास ठाऊक, माझे हात पुन्हा जोडले गेले. मी म्हणालो, "आप्पा, माझंही काही चुकलं असेल तर क्षमा करा." तोंडातून आलं. त्यापुढचं वाक्यही येईल असं एक क्षण वाटलं.

त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि हसले. "तुमचं काय चुकणार? तुम्ही होता म्हणून मी आहे."

पुढचं वाक्य आलं नाही.

ते कठडा धरून हळूहळू वर गेले. फोन माझ्या खिशातच होता, नंबर त्यातच होता. सर्जेराव खरं बोलत होता. तो दुसऱ्याच दिवशी येणार होता. मध जास्त मिळावा म्हणून त्याला मीच थांबवलं. आप्पांना हे अजून माहीत नाही. सर्जेरावाला माहीत आहे, पण त्याला विचारायला कुणी जात नाही, आणि कुणी जाऊ नये याची सोय मी केली आहे.